बाईसाहेबांची पकड

शाळेची व्हॅन चालवणारी बाई घुबडं सांभाळायला कशी लागली, हे ताईंच्या नवऱ्यालाही धड सांगता आलं नसतं. तो घड्याळं दुरुस्त करायचा. कुणी विचारलंच तर डोळ्याला लावलेलं भिंग न काढता म्हणायचा, "मला काय विचारता? सकाळी मुलं सोडायला गेली आणि घुबड घेऊन परत आली."

घडलंही तसंच होतं. मुलांना शाळेत सोडून परतताना वळणावर, रस्त्याच्या कडेला, कुणाची तरी फाटलेली उशी पडावी तसं काहीतरी पांढरं पडलेलं ताईंना दिसलं. जवळ जाऊन पाहिलं तर उशीला तोंड होतं. बदामाच्या आकाराचं पांढरं तोंड, त्यात काळेभोर डोळे, आणि एक पंख मोडून लोंबकळलेला. गव्हाणी घुबड. ताईंनी ओढणीत गुंडाळून ते मांडीवर घेतलं आणि व्हॅन तशीच गावाबाहेरच्या वन्यप्राणी उपचार केंद्राकडे हाकली. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "जगेल. पण पुन्हा उडायचं नाव नको."

दुसऱ्या दिवशी ताई नुसत्या चौकशीला गेल्या. तिसऱ्या दिवशीही गेल्या. मग पिंजरे झाडायला लागल्या, मग खाणं घालायला, मग जाड चामडी हातमोजा घालून पाखरू मुठीवर धरायला शिकल्या. काही वर्षांनी व्हॅनची किल्ली दुसऱ्याच्या हातात देऊन त्या केंद्रातच नोकरीला लागल्या. त्या घुबडाचं नाव तोवर बाईसाहेब पडलं होतं. समोरचा माणूस रजा मागायला आलाय आणि ती मिळणार नाहीये, अशा नजरेनं ते सगळ्यांकडे बघायचं, म्हणून.

केंद्राचे लोक शाळांमधून फिरून वन्यप्राण्यांबद्दल सांगायचे. ताईंनी मात्र म्हाताऱ्या माणसांची निवासं मागून घेतली. डॉक्टरांना नवल वाटलं. ताईंना त्यात नवल वाटलं नाही. त्यांची आई शेवटची वर्षं अशाच एका ठिकाणी होती. भेटायला येणारा प्रत्येक जण तिला 'औषध घेतलंस का, झोप लागते का' एवढंच विचारायचा. या माणसांना सगळे विचारतात, पण त्यांच्याकडे मागत कुणी काही नाही, याची ताईंना चीड होती. म्हणून त्या जाऊन सरळ मागायच्या. "तुमच्या आवारातलं ढोलीचं जुनं झाड तोडू देऊ नका. उंदरांना विष घालू देऊ नका, तो उंदीर घुबड खातं आणि तेही मरतं. तुम्ही दिवसभर खिडकीशी बसता, तर बाहेर काय उडतं त्यावर लक्ष ठेवा आणि आम्हाला कळवा." सुरकुतलेले चेहरे जरा सावरून बसायचे. आपल्याकडे कुणाचंतरी काम आहे, म्हटल्यावर माणूस ताठ होतोच.

अशाच एका निवासात ताई पहिल्यांदा गेल्या तेव्हाही असंच झालं. तीन मजली इमारत, व्हरांड्यांतून भिंतीला धरायचे कठडे, फिनेलचा वास, आणि खालच्या मजल्यावर सभागृह. तिथे चाकांच्या खुर्च्या पुढे आणि साध्या खुर्च्या मागे. बाईसाहेब ताईंच्या मुठीवर बसून सगळ्यांवरून मान फिरवत होत्या. पहिल्या रांगेत चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांची नजर काही पाखरावरून हटेना.

"बरी झाली की सोडणार का हिला?" त्यांनी विचारलं.

"नाही मास्तर. पंख कायमचा गेला. आता आमच्याकडेच राहणार."

"म्हणजे आमच्यासारखीच. कायमची मुक्कामी!"

सभागृह खो खो हसलं. ताई पाखराला सहसा कुणाला हात लावू देत नसत. त्यातही कितीतरी माणसं घुबड म्हटलं की दोन हात लांबच बसायची. पण मास्तर इतक्या आर्जवानं बघत होते की त्यांना नाही म्हणवेना. मास्तरांनी बोटाची पाठ बाईसाहेबांच्या छातीवरून हलकेच फिरवली. "अगं बाई," ते पुटपुटले, "आहे की नाही तेच कळत नाही, इतकं मऊ." मग ताईंच्या कानाशी वाकून म्हणाले, "आमची आक्का वर रुसून बसलीय. घुबड म्हणजे अभद्र म्हणे. पुढच्या वेळी तिला ओढून आणतो बघा."

पुढची वेळ मास्तरांच्या नशिबात नव्हती. दुसऱ्याच दिवशी सकाळी सिस्टर चहा घेऊन गेली, तेव्हा ते झोपेतच गेलेले होते.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. पण हे ज्याला समजावून सांगायचं त्यालाही समजून घ्यायचं असावं लागतं. दुपारपर्यंत सगळ्या निवासात एकच कुजबुज. घुबड आलं, मास्तरांनी हात लावला, आणि मास्तर गेले. काल खो खो हसलेली तोंडंच आज 'मला तेव्हाच वाटलं होतं' म्हणत होती. एका आजोबांनी पहिल्या रांगेतली ती खुर्ची तिथून हलवायला लावली.

मास्तरांची आक्का तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या समोरच्याच खोलीत राहायची. थोरली बहीण. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून जन्म काढलेली, बोलायला फटकळ, नाकावर माशी बसू न देणारी. लग्न केलं नव्हतं. मास्तरांची बायको गेल्यावर दोघं भावंडं इथे राहायला आली होती. मास्तर गेल्यावर आक्का रडली नाही. कुणाशी घुबडाबद्दल चकार शब्द बोलली नाही. तिच्या गप्प बसण्याची सगळ्यांना जास्त धास्ती वाटायची.

दुसरी भेट आधीच ठरलेली होती. व्यवस्थापकबाईंनी फोन केला. "ताई, तुम्ही या. बोला, चित्रं दाखवा. पण पाखरू सभागृहात नको. काही जण फार आग्रह करतायत बघायचा, काही जण म्हणतात आणलंत तर आम्ही खाली उतरणार नाही. तुम्ही असं करा, पाखराची पेटी ऑफिसात ठेवा. ज्याला बघायचंय तो तिथे येऊन बघेल."

ताईंना ते रुचलं नाही. पाखरू नजरेआड ठेवायचं नाही, हा केंद्राचा नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता. पण पेटी आणायचीच नाही म्हटलं तर घुबड अभद्र असतं हे आपणच कबूल केल्यासारखं होईल, असंही त्यांना वाटलं. "बरं," त्या म्हणाल्या. हे 'बरं' त्यांना पुढे फार महागात पडलं.

त्या दुपारी त्यांनी पेटी ऑफिसातल्या टेबलावर ठेवली. पेटीच्या तोंडाला जाड कापड आणि वरून खटका. कारकुनाला बजावलं, "इथून हलू नका." कारकून मान डोलवून म्हणाला, "डोळ्यांत तेल घालून बसतो." मग निवासात तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांची गाडी आली, फाटकाशी कुणी हाक मारली, आणि कारकून तेलासकट बाहेर गेला.

ताई सभागृहात बोलत होत्या. बोलणं जमत नव्हतं. समोरच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि उरलेली माणसं चित्रांकडे न बघता दाराकडे बघत होती. तेवढ्यात कारकून दारात आला. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उडालं होतं.

"ताई... पेटी नाहीये."

आक्काचा वॉकर चाकांचा होता, पुढे सामान ठेवायला फळी असलेला. त्यावर ती कधी कपड्यांची घडी, कधी वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन व्हरांड्यातून जायची. आज त्या फळीवर पेटी होती. ती ऑफिसातून निघाली, कठड्याकठड्यानं लिफ्टपर्यंत गेली, लिफ्टनं वर गेली. वाटेत तिला चारजण भेटले आणि एकानंही 'काय नेतेस' म्हणून विचारलं नाही. झाडणाऱ्या मावशीनं तर लिफ्टचं दारही धरलं होतं.

"मास्तरांच्या खोलीकडे गेल्या त्या," मावशी आता रडवेली होऊन सांगत होती. "मला वाटलं भावाचं सामान असेल."

ताई जिन्यानं धावल्या. मागून व्यवस्थापकबाई, सिस्टर, कारकून. तिसऱ्या मजल्यावर मास्तरांच्या खोलीचं दार बंद होतं. व्यवस्थापकबाईंनी किल्ली फिरवली, दार तसूभरही हललं नाही. मास्तरांनी हट्टानं आतून लोखंडी कडी बसवून घेतली होती. चित्र काढताना कुणी आत आलेलं त्यांना चालायचं नाही.

ताईंनी दाराला कान लावला. आतून पंखांची फडफड ऐकू आली, मग तो ओळखीचा फूत्कार. घुबड घाबरलं की सापासारखं फुसकारतं. आणि मग माणसाचं, दातांतून दाबलेलं, "आई गं!"

"आक्का!" ताईंनी हाक मारली. "आक्का, काय झालं?"

मग आवाज आला. म्हातारा, पण स्वच्छ, एकेक शब्द सुटा. "धरलंय तिनं मला. मनगटाला. मी ओढतेय तर जास्तच आवळतेय."

"ओढू नका! अजिबात ओढू नका!"

सिस्टरनं ताईंचा दंड धरला. तिचे ओठ पांढरे पडले होते. "त्यांना रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत," ती हळूच म्हणाली. "आणि कातडी म्हणजे कागद आहे नुसता. फाटली तर रक्त लवकर थांबायचं नाही."

"दार तोडा," व्यवस्थापकबाई म्हणाल्या. कारकून खाली पळाला आणि पहारेकऱ्याला घेऊन आला. पहारेकऱ्याच्या हातात लोखंडी पहार होती. त्यानं ती दाराच्या फटीत घातली आणि पहिला दणका दिला.

आतून आक्का किंचाळली.

"थांबा!" ताई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "आवाज झाला की ते पाखरू आणखी आवळतं. प्रत्येक दणक्याला नखं आत जातील. थोडा वेळ द्या मला."

"आणि तेवढ्यात काही झालं तर? जबाबदार कोण?"

"मी."

बोलून गेल्या खऱ्या. आपण बरोबर करतोय की एका म्हातारीच्या जिवाशी खेळतोय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सिस्टर काही न बोलता पट्ट्यांचं खोकं उघडून जमिनीवर बसली. पहारेकऱ्यानं पहार भिंतीला टेकवली, पण हात तिच्यावरच ठेवला.

ताई दाराशी उकिडव्या बसल्या. "आक्का, रक्त येतंय का?"

"येतंय. वाहत नाहीये, ठिबकतंय."

"तुम्ही उभ्या आहात की बसलेल्या?"

"उभी. खिडकीपाशी." थोडं थांबून ती म्हणाली, "खिडकी उघडी आहे. पेटीतून काढून मी हिला खाली टाकणार होते."

ताईंच्या कानशिलात रक्त उसळलं. रस्त्यावरून उचलून आणलेलं, रोज हातानं भरवलेलं, ज्याला पंखच उरला नाही असं पाखरू तिसऱ्या मजल्यावरून खाली! तोंडात आलेला शब्द त्यांनी गिळला. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना आधी बाईसाहेब आठवल्या आणि मग आक्का. त्याची लाज त्यांना लगेच वाटली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "ते नंतर बघू. आता खिडकीपासून मागे या. हळू. पलंगावर बसा. पाखरू मांडीवर टेकू दे, लोंबकळू देऊ नका. लोंबकळलं की ते जिवाच्या आकांतानं धरतं."

आत चपला घासल्याचा आवाज. पलंग कुरकुरला. पुन्हा फूत्कार, पुन्हा दाबलेलं कण्हणं.

"बसले."

"छान. खोलीत उजेड आहे?"

"भरपूर. ऊन येतंय."

"पडदा ओढता येईल?"

"नाही. हात पोचत नाही. उठावं लागेल."

"उठू नका. अंगावर शाल आहे ना तुमच्या? मोकळ्या हातानं काढा आणि पाखरावर टाका. तोंडावर, पंखांवर, सगळ्यावर. अंधार झाला की ते निवतं."

यातली अडचण ताईंनाच माहीत होती. शाल नीट पडली नाही, आणि पकड सुटताक्षणी पाखरू भडकलं, तर ते उघड्या खिडकीकडेच झेपावणार. उजेडाकडे. आपण उडू शकत नाही हे बाईसाहेबांना आजवर कधी पटलेलं नव्हतं. आक्काला सोडवायचं म्हणजे बाईसाहेबांना त्या खिडकीसमोर मोकळं करायचं. पण दुसरा मार्ग नव्हता.

"टाकली," आक्का म्हणाली. फडफड कमी कमी होत थांबली.

"आक्का?"

"आहे. ऐकतेय. आयुष्यभर न दिसणाऱ्या माणसांचंच ऐकत आले मी." आणि मग एकदम, "त्या दिवशी तो तुझ्याशी काय बोलत होता?"

व्यवस्थापकबाईंनी खूण केली, आता हे कशाला, पुढचं सांगा. पण ताईंना वाटलं, हिला आत्ता उत्तर नाही दिलं तर ती आपलं पुढचं काही ऐकणार नाही.

"मास्तर म्हणाले, पाखरू आमच्यासारखंच, कायमचं मुक्कामी. सगळे हसले."

"आणखी?"

"म्हणाले, आमची आक्का वर रुसून बसलीय. पुढच्या वेळी तिला ओढून आणतो."

मग आक्का बोलायला लागली तेव्हा तिचे शब्द आता तितके सुटे राहिले नव्हते. "संध्याकाळी आला होता माझ्या दारात. पोरासारखा खुशीत होता. आक्का, हे बोट बघ म्हणाला, या बोटानं हात लावला. मी म्हटलं, त्या हातानं माझ्या खोलीत पाऊल टाकू नकोस. आज तोंड दाखवू नकोस मला. आणि दार लावून घेतलं." ती थांबली. "दार लावल्यावरही तो थोडा वेळ उभा होता. मला कळत होतं उभा आहे ते."

सिस्टरनं मान खाली घातली. पहारेकऱ्यानं पहारेवरचा हात काढला.

ताईंना खूप काही बोलता आलं असतं. त्यांचं वय झालं होतं, हृदय थकलं होतं, तुमच्यामुळे काही झालं नाही, घुबडामुळेही नाही. पण हे सगळं तिला सांगून झालेलं असणार, आणि त्याचा उपयोग झाला असता तर ती आज त्या खोलीत नसती. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही रुसलात म्हणून ते रागावले नव्हते, आक्का. रुसलीय म्हणताना हसत होते. मी बघितलंय त्यांना."

मग त्या म्हणाल्या, "आता पाय सोडवू. ऐका. घुबडाचा पाय दुमडलेला असला की बोटं आपोआप आवळली जातात. त्याला ठरवून धरावं लागत नाही. पाय सरळ झाला की बोटं आपोआप सैल पडतात. म्हणजे बोटं उचकटायची नाहीत, पाय ताणायचा. शालीखाली हात घाला. मनगटापासून वर पाय चाचपा. सापडला?"

"काडीसारखा आहे."

"तोच. त्याला मध्ये सांधा आहे, तिथे तो वाकलाय. अंगाखाली हात घालून पाखरू हळूच स्वतःपासून लांब सरकवा, म्हणजे पाय लांब होईल. झटका नको. झोपलेल्या मुलाच्या हातातून खेळणं काढतो ना, तसं."

"मला मुलं नाहीत."

"भाऊ होता की धाकटा."

आक्काच्या बोटांत संधिवात होता, ती बोटं सकाळी चमचाही धड धरायची नाहीत, हे सिस्टरला माहीत होतं. ती डोळे मिटून बसली. ताईंचं सगळं अंग कान झालं होतं. पलंग कुरकुरला. एक लांब श्वास. शालीची सळसळ.

"पुढची सुटली," आक्का म्हणाली. "मागचं एक नख अडकलंय."

"ते सगळ्यात शेवटी सुटतं. तसंच धरून ठेवा. ताणलेलं राहू द्या."

"हात थरथरतोय माझा."

"थरथरू दे. सोडू नका."

किती वेळ गेला कोण जाणे. मग आत एकदम धडपड झाली. शाल फडफडली, काहीतरी जमिनीवर आपटलं, आणि आक्का ओरडली, "अगं! थांब!"

ताई उठून उभ्या राहिल्या. "आक्का! खिडकी!"

वॉकरची चाकं फरशीवर घरंगळली. काहीतरी धाडकन बंद झालं, काच खणखणली. आणि मग, फार हळू, पावलं दाराकडे आली. कडी निघायला वेळ लागला, कारण ती एका हातानं काढायची होती.

दार उघडलं तेव्हा आक्का चौकटीला टेकून उभी होती. डावं मनगट तिनं पदरानं गच्च दाबून धरलं होतं, आणि पदर लाल झाला होता. चेहरा खडूसारखा. तिच्या मागे खिडकी बंद होती. बाईसाहेब कपाटाखालच्या कोपऱ्यात, शालीच्या अर्ध्या गुंडाळ्यात, पंख पसरून फुसकारत होत्या.

"उजेडाकडे निघाली होती," आक्का म्हणाली. "वॉकर ढकलून लावली खिडकी." आणि मग तिचे गुडघे दुमडले. सिस्टरनं आणि व्यवस्थापकबाईंनी तिला वरच्यावर झेललं.

ताई आधी तिच्याकडे वाकल्या. सिस्टर म्हणाली, "मी आहे, तुम्ही पाखरू बघा," तेव्हाच त्या कपाटाकडे गेल्या.

आक्काला दवाखान्यात नेलं. रक्त थांबायला वेळ लागला, तीन ठिकाणी भोकं होती, पण कातडी फाटली नव्हती. डॉक्टर म्हणाले, ओढलं असतं तर मनगट उसवलं असतं. इंजेक्शनं, पट्टी, एक रात्र देखरेख, आणि ती परत आली.

बाईसाहेबांचं मात्र अवघड झालं. मोडक्या पंखातली उरलीसुरली पिसं तुटली होती आणि त्यांनी खाणं सोडलं. ताई समोर उंदीर धरायच्या, त्या मान फिरवायच्या. केंद्राचे डॉक्टर सहसा आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. "पेटी नजरेआड केलीसच कशी?" घरी नवऱ्यानं ताट वाढलं, ते तसंच राहिलं. तो म्हणाला, "एक खात नाही म्हणून दुसरीनंही खायचं नाही, हा कुठला नियम?" तरी त्या उठल्या नाहीत. पाखरानं पहिला घास घेतला त्या दिवशी ताई पिंजऱ्यामागे जाऊन पोटभर रडल्या, आणि त्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "हिला आता कुठेच न्यायचं नाही. हिचं काम संपलं." डॉक्टर म्हणाले, "मी तेच सांगणार होतो."

निवासानं कार्यक्रम बंद केला. मास्तरांचा मुलगा दुसऱ्या शहरातून आला तो तणतणतच. केंद्रावर तक्रार करतो, पोलिसांत जातो, म्हणाला. व्यवस्थापकबाईंच्या खोलीत बैठक बसली. ताईंना बोलावलं होतं. त्या खुर्चीच्या कडेवर बसून होत्या, जे काय पदरात पडेल ते घ्यायच्या तयारीनं.

आक्का वॉकर ढकलत आत आली. मनगटाला पट्टी. ती भाच्यासमोर उभी राहिली.

"पेटी कुणी पळवली?"

"आत्या, तसं नव्हे..."

"मी पळवली. चोरी मी करायची, आणि तक्रार तू त्यांच्यावर करणार? तुझ्या बापानं तुला एवढं तरी शिकवलं असेल असं वाटलं होतं मला."

ताई म्हणाल्या, "माझीही चूक आहे. पेटी मी ठेवून गेले."

"आहेच," आक्का म्हणाली. "तुझी तू निस्तर. माझी मी."

तक्रार झाली नाही आणि कार्यक्रम पुन्हा सुरू झाला, पाखराशिवाय. ताईंना ते जड गेलं. मुठीवर घुबड असलं की काय बोलतो त्याला महत्त्व नसायचं. आता नुसती चित्रं आणि आपण. पहिल्या वेळी त्या अडखळल्या, दोन आजोबा झोपले. आक्का मागच्या रांगेत बसून होती, नाक मुरडत. पण स्वयंपाकघरामागच्या अंगणात उंदरांचं विष ठेवतात हे ताईंनी सांगितलं, तेव्हा ती उठली आणि थेट भांडारातच गेली. भांडारवाल्याचा तिळपापड झाला. उंदीर काय मग पाळू का, म्हणाला. आक्का रोज जाऊन त्याच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागली. तिच्याबरोबर आणखी दोघी, मग चौघी. शेवटी त्यानं पिंजरे आणले, धान्याचे डबे घट्ट झाकणांचे घेतले आणि विषाची पुडकी टाकून दिली. "या बायकांपेक्षा उंदीर परवडले," असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा.

थंडी सरल्यावर निवासाची बस केंद्रात आली. आता पाखराऐवजी माणसंच पाखराकडे यायची होती. सगळे काठ्या टेकत, चाकांच्या खुर्च्या ढकलत पिंजऱ्यांकडे निघाले. आक्का बाकावर बसून राहिली.

"येत नाही का?" ताईंनी विचारलं.

"बघेन."

ताई तिच्याशेजारी बसल्या. मग आक्का उठली, वॉकर फिरवला आणि एकटीच निघाली. बाईसाहेबांच्या पिंजऱ्यापासून चांगलं अंतर राखून थांबली. आत फांदीवर पांढरं तोंड वळलं आणि काळे डोळे तिच्यावर स्थिरावले. आक्का तशीच उभी राहिली. ओठ पुटपुटताना दिसले. काय म्हणाली ते ताईंनी विचारलं नाही, कारण ते त्यांच्यासाठी नव्हतं.

परत येऊन ती बाकावर धपकन बसली.

"आवडली का?" ताईंनी विचारलं.

"नाही. अंगावर काटा येतो अजून."

"मग?"

"मग काय? जगू दे की. मला आवडली तरच तिनं जगायचं, असं कुठं आहे?"

बसचा भोंगा वाजला. आक्काला पायऱ्या चढवायला ताईंनी एका बाजूनं धरलं, ड्रायव्हरनं दुसऱ्या. वर चढून ती खिडकीपाशी बसली आणि काच खाली करून म्हणाली, "पुढच्या महिन्यात काय सांगणार आहेस?"

"वटवाघळं," ताई म्हणाल्या.

"देवा," आक्का म्हणाली, आणि बस निघाली.